फाइलीतली एक ओळ

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीने नुकताच फोन ठेवला.

“बाबाच ना? रोज याच वेळेला?”

“हो ताई. त्यांचा उजवा हात लुळा पडल्यावर मी त्यांच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर कीबोर्डचे सगळे शॉर्टकट डाव्या हाताशी आणून दिले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की ते शॉर्टकट जातात. मग मी फोनवर एकेक परत लावायला सांगत बसते.”

“अगं, मग कायमचं काहीतरी कर की!”

“केलंय. सुरू होताना कॉम्प्युटर एक फाइल वाचतो, तिच्यात शॉर्टकट लावायची ओळ घातलीय.”

“तरी जातात?”

“रविवारी जाऊन बघितलं. ओळीच्या आधी कोणीतरी खूण टाकलीय. ती असली की कॉम्प्युटर ती ओळ वाचतच नाही.”

“घरात तर बाबा एकटेच.”

“आणि ती खूण त्यांना मीच शिकवली होती.”

“कसला लबाड माणूस! काढलीस ना?”

“हात नाही लावला.”

ताईने पर्समधून वही-पेन काढलं.

“काय गं?”

“मलाही शिकव ते शॉर्टकट. बुधवारचा फोन तरी माझ्याकडे येऊ दे.”