डॉक्टर शिओमींचे हातमोजे

क्योतोच्या त्या रुग्णालयात, त्वचाविभागाबाहेर तोमिको आपला नंबर यायची वाट बघत बसली होती. समोर डॉक्टर शिओमींचा नवाकोरा पुतळा. शेजारी एक म्हातारी आणि तिची भाची.

"हातमोजे घातलेत गं ह्यांना!"

"आत्या, हळू बोल. लोक बघताहेत."

"बघू देत! महारोग्यांना उघड्या हातानं तपासणारा हा एकटा माणूस. आणि त्यालाच मोजे चढवले?"

"डॉक्टर वाटावेत म्हणून घातले असतील."

"हा रोग असा सहज लागत नाही, माणसं कोंडू नका, एवढंच म्हणत होते ते. तर भर परिषदेत ह्याच डॉक्टरलोकांनी आरडाओरडा करून त्यांना खाली बसवलं. पुढे ना बढती, ना मान. आणि आम्हाला नेऊन टाकलं बेटावर."

"चूक कळली म्हणूनच पुतळा उभारला ना आता?"

"मेल्यावर! अगं, मी शाळकरी पोर. सख्खी आई भाताचा वाडगा लांबून सरकवायची. ह्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. थांब, उठव मला."

"आता कुठे निघालीस?"

काठी टेकत म्हातारी पुतळ्यापाशी गेली आणि बोटं झडलेला हात तिनं पुढे केला. पांढरे हातमोजे घातलेला पहारेकरी धावतच आला.

"आजी, हात लावायचा नाही!"

"ह्यांनी माझा हात धरला ना, तेव्हाही कुणीतरी असंच ओरडत आलं होतं," म्हातारी म्हणाली. हात तिनं मागे घेतला नाही.