खुंटीवरची वही

टीना : मशीन बिघडली नाही, बाबूजी. तलावात पाणी साडेसात फूट, तिनं साडेसातच मोजलं. फक्त सात वेळा सांगितलं.

श्यामलाल : सात वेळा कायले? सोसायटीत कोणी बहिरा आहे का?

टीना : सकाळी सहाला एकदा, सातला दोनदा, आठला तीनदा. आता बारा वाजले तर सात. मासेमार सोसायटीत सगळ्यांचे फोन वाजून राहिले. सोसायटीचे अध्यक्ष दुलीचंदकाका म्हणाले, उद्याही असंच झालं तर मशीनचा डब्बा बांधावरून काढतो.

श्यामलाल : काढते? तिथं बावीस साल पाणी मोजाची माही पट्टी होती. मी रिटायर झालो, मंग कोणी पाणी मोजलंच नाही. तू डब्बा लावला तं मले वाटलं, चौकी उघडली पुन्हा.

टीना : म्हणून तर तो काढू द्यायचा नाही मला.

श्यामलाल : मंग सांग, लिहिते कशी तुही मशीन?

टीना : दर तासाला नोंदवही उघडते, आकडा लिहिते. वहीत ओळ पडली की फोनवर जाते.

श्यामलाल : दर तासाले नवी वही?

टीना : हो, उघडायचं काम तयार लायब्ररी करते, म्हणजे दुसऱ्या कोणी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्राम. मी फक्त तिला सांगते.

श्यामलाल : आन् पयलीवाली कोण बंद करते?

टीना : कोणीच नाही. जुन्या सगळ्या उघड्याच राहतात. आकडा सगळ्यांत चढतो.

श्यामलाल : हे तं मी केलं होतं, बाई. चौकीवर नवीन लागलो होतो. रोज सकाळी कोरी वही काढाचो, हळद-कुंकू लावाचो, वर 'श्री' लिहाचो. साहेबाचा हुकूम, चौकीत जेवढ्या वह्या तेवढ्यांत आकडा पाहिजे. आठव्या दिवशी मी आन् चौकीवरचा माहा जोडीदार सुकराम आठ वह्या घेऊन बसलो.

टीना : सुकरामकाका चिडले असतील.

श्यामलाल : तो कायले चिडते? मनला, "वही रोज पुजू नोको, रोज लिही." एक वही सुतळीनं खुंटीले बांधली. आल्याबरोबर खुंटी पाहाची. वही असली तं तीच, नसली तरच नवी. रोज दोघांच्या सह्या. तो गेला, मंग त्याची जागा कोरी सोडून मी माही कराचो. लय आठवते तो.

टीना : आधी खुंटी पाहायची… बाबूजी, प्रोग्राममध्ये दोनच ओळी लागतात हो. वहीला नाव काय देऊ? त्याच नावानं मशीन तिला शोधते.

श्यामलाल : सुकराम.

टीना : दिलं. आता तासाऐवजी मिनिटाला लावते, फक्त तुमच्या फोनवर. वाजला?

श्यामलाल : एकदा.

टीना : पहिल्यांदा सकाळीही एकदाच वाजला होता. दुसरं मिनिट खरं. थांबा.

(दोघंही फोनकडे पाहत बसतात.)

श्यामलाल : एकदाच. वाच, माहा चष्मा नाही.

टीना : "सुकराम : पाणी साडेसात फूट."

श्यामलाल : खाली माही सही टाक. दोघांची लागते.