सिंटॅक्स तेवढा वेगळा

...आणि वर मलाच म्हणतात, "तू मध्ये बोलू नकोस!" अहो, मी मध्ये कुठली? मी कडेला! आमच्याकडे एकच मोठं टेबल, त्यावर ह्यांचा लॅपटॉप, ह्यांचा दुसरा स्क्रीन, ह्यांच्या तीन वह्या, गार झालेल्या चहाचे कप, आणि उरलेल्या वीतभर जागेत मी. आणि हे किती दिवस? तुम्हाला सांगते, तीन महिने! तीन महिने आमच्या घरात हे, मी, आमची लेक आणि चौथा एक कंपायलर असे राहत होतो. कंपायलर म्हणजे काय, ते मलाही माहीत नव्हतं. आता झोपेत सांगेन. ह्यांनी प्रोग्राम लिहायचा, तो त्याने वाचायचा, पटला तर पुढे सोडायचा, नाही पटला तर चुकांची यादी तोंडावर फेकायची. आणि ह्यांचं त्याला काही म्हणता काही पटत नव्हतं!

सुरुवात कशी झाली बघा. एका सोमवारी हे ऑफिसातून आले, बूट काढता काढता म्हणाले, "आपली यंत्रणा नव्या भाषेत लिहायची ठरली." आपली म्हणजे ह्यांची. गोदामातला कुठला माल कुठल्या गाडीत चढवायचा हे ठरवणारी यंत्रणा, अठरा वर्षांपूर्वी ह्यांनी बसवलेली. आमच्या लेकीच्या आणि तिच्या वयात वर्षाचं अंतर. लाड कुणाचे जास्त झाले ते विचारू नका. तर तीन महिन्यांत नवी भाषा शिकायची, एक भाग लिहून दाखवायचा. जमलं तर नव्या टीममध्ये. नाही जमलं तर जुनी यंत्रणा बंद होईपर्यंत ती सांभाळत बसायचं, आणि मग तिच्याबरोबर आपणही बंद! वय वर्षं सत्तेचाळीस.

मी म्हटलं, "अहो, जमेल ना?"

असे हसले... डॉक्टर हसतात ना, आपण इंटरनेटवर वाचून गेलो की, तसे. "अगं, चार भाषा येतात मला. पाचवी ती काय? सिंटॅक्स तेवढा वेगळा, बाकी सगळं तेच! दोन आठवडे. फार तर." सिंटॅक्स म्हणजे लिहायची पद्धत हो. कंस कुठे, टिंब कुठे.

पहिले तीन दिवस छान गेले. पुस्तकाची पहिली सहा प्रकरणं वाचलीच नाहीत! "हे नवशिक्यांसाठी असतं." एकदम सातवं काढलं, जुना प्रोग्राम शेजारी ठेवला आणि ओळीला ओळ लिहीत सुटले, पाटी भरल्यासारखे. आणि दिला कंपायलरला.

एकसष्ट चुका.

"बिघडलाय," हे म्हणाले. कोण बिघडलाय? तो! जगभर लोक वापरतात तो बिघडलाय, आणि आमच्या टेबलावर बसलेले हे ठणठणीत!

आणि चुका तरी कसल्या? तर म्हणे, ह्या भाषेत मालकी असते. ह्यांनी मालाची यादी केली, ती पुढच्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रामच्याच पुढच्या तुकड्याला, दिली. दिली ना? मग आता ती तुमची नाही. दिलेली वस्तू पुन्हा वापरायची नाही! हे खवळले. "माझी यादी! मी बनवली! माझ्याच घरात मला चोर ठरवतो?" लेक तिकडून म्हणते, "बाबा, तुम्ही माझा चार्जर एकदा नेलात की मला तरी परत कुठे मिळतो? बरोबर बोलतोय तो." झालं! दोन दिवस बाप-लेकीत अबोला. मध्ये निरोप्या कोण? मीच! आणि अबोल्यातसुद्धा घोष चालूच, "सिंटॅक्स तेवढा वेगळा, बाकी सगळं तेच, ह्यालाच कळत नाही!"

दोन आठवड्यांचे पाच झाले. रोज संध्याकाळी आले की भांडण सुरू. आधी त्याला "अरे गाढवा" म्हणायचे. चौथ्या आठवड्यात "अरे बाबा"वर आले. सहाव्या आठवड्यात मी ऐकलं, "अहो, ऐकून तर घ्या!" अहो! मला लग्नानंतर एकदासुद्धा कुणी इतक्या अजिजीने ऐकून घ्या म्हटलेलं नाही!

मग ह्यांनी काय युक्ती केली... जिथे दिसेल तिथे प्रत्येक वस्तूची नक्कल काढायची! मालकी नको ना द्यायला? घे नक्कल. नकलेची नक्कल. कंपायलर गप्प झाला! हे टेबलावर हात आपटून उठले, "बघ! म्हटलं नव्हतं?" आणि ऐटीत घेऊन गेले टीम लीडकडे.

टीम लीड म्हणजे सत्तावीस वर्षांची मुलगी. फार गोड बोलते. "सर" म्हणते आणि कापते. म्हणाली, "सर, छान आहे. चालतंय सर. फक्त सर, एवढ्या नकला काढत बसल्यावर गाड्या सकाळी सुटायच्या त्या दुपारी सुटतील. आणि सर, राग नका मानू, ही जुनीच भाषा आहे, नव्या भाषेचे कपडे घातलेली." सर, सर, सर, आणि सगळा भाग परत!

त्या दिवशी हे घरी आले आणि भांडले नाहीत.

तुम्हाला सांगते, भांडत होते तेव्हा मी वैतागले होते, पण घाबरले नव्हते. ह्यांनी लॅपटॉप उघडला, सगळ्या नकला काढून टाकल्या, पुन्हा त्याच एकसष्ट चुका आल्या, आणि हे नुसते बघत बसले. मग उठले आणि वाळलेले कपडे घड्या घालायला लागले! लग्नाला बावीस वर्षं झाली, ह्यांना घडी माहीत नाही! तीन दिवस असेच. लेक हळूच मला म्हणाली, "आई, बाबांनी मला विचारलं, तुझा चार्जर लागेल का तुला. आई, मला भीती वाटते."

रविवारी सकाळी म्हणाले, "उद्या सांगून टाकतो. मला जुन्याच कामावर ठेवा म्हणून."

"का?"

"नाही जमत गं. वीस वर्षं मी लोकांना शिकवलं. आता ती पोरगी सांगते ते मला समजतं, आणि हाताला समजत नाही. हात जुनंच लिहितात." आणि हातांकडे बघितलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून जे सुचलं ते विचारलं, "पण तो म्हणतो काय?"

"कोण?"

"कंपायलर."

"म्हणतो काहीतरी. मालकीचं."

"काहीतरी म्हणजे? पुढे काय म्हणतो?"

तर हे डोकं खाजवायला लागले! अहो, तुम्हाला सांगते, सात आठवडे भांडले त्याच्याशी, एकदाही त्याचं बोलणं शेवटपर्यंत वाचलं नव्हतं! पहिली लाल ओळ दिसली की ह्यांचं डोकं लाल. मला नवल का वाटावं? बावीस वर्षं माझंही वाक्य कधी शेवटपर्यंत ऐकलंय?

आता मी काम करते छापखान्यात. प्रूफं वाचते, शाळेच्या पुस्तकांची. आमच्यात एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने ताडून बघायचं, स्वल्पविरामसुद्धा सोडायचा नाही. मी चष्मा लावला, म्हटलं, "सरका." आणि वाचायला लागले. इंग्रजीतच, पण शाळेतल्या बाईंसारखं, टिंबासकट, कंसासकट. "यादी बाराव्या ओळीत दिली, पूर्णविराम. पंधराव्या ओळीत पुन्हा वापरली, पूर्णविराम." हे म्हणाले, "माहितीये!" म्हटलं, "थांबा, खाली अजून आहे. मदत, अपूर्णविराम. देऊन टाकण्याऐवजी उसनी द्या, आणि ह्या जागी हे चिन्ह टाका." चिन्हसुद्धा काढून दाखवलं होतं त्याने, खाली बाण करून!

हे चिन्हाकडे बघत राहिले. मग अगदी बारीक आवाजात, "हे... रोज लिहून येत होतं?"

"मला काय माहीत? मी कडेला होते."

टाकलं चिन्ह. साठ. मी वाचते, हे लिहितात. एकोणसाठ. मध्येच म्हणाले, "थांब, हा पूर्ण भागच वेगळा लिहायला हवा," आणि सगळं पुसून टाकलं! अठरा वर्षांची ओळ न् ओळ! मी म्हटलं, "अहो, सिंटॅक्स तेवढा वेगळा ना?" तर म्हणाले, "नाही गं. सगळंच वेगळं आहे." आणि पुस्तक उघडलं. पहिलं प्रकरण.

पाच आठवडे लागले त्यानंतर. भांडण पुन्हा सुरू झालं, मी सुटकेचा श्वास सोडला. शेवटी नेऊन दाखवलं. ती मुलगी वाचत गेली, एका जागी थांबली. "सर, हे काय? एकच मागणी दोन मिनिटांत दोनदा आली तर दुसरी सोडून द्यायची? हे तर आपल्या कुठल्याच कागदावर नाही."

हे म्हणाले, "कागदावर नाही. गोदामात मागण्या भरणाऱ्या बाई बटण दोनदा दाबतात. अठरा वर्षं दाबतायत. हे काढलंस तर दुप्पट माल चढेल."

ती उठून उभीच राहिली म्हणे. पहिल्यांदा "सर" म्हणाली आणि पुढे काही बोललीच नाही. हे मला तीनदा सांगून झालंय, दर वेळी ती थोडी जास्त उंच उभी राहते.

तर झालं, नव्या टीममध्ये घेतलं. घेतलं ते घेतलं, वर ह्यांच्याच वयाचे सहा जण शिकवायला दिले! ते रविवारी येतात. कुठे? आमच्या टेबलावर! आणि हे काय शिकवतात? काही नाही! चूक आली की आत हाक मारतात, "अगं, जरा वाचून दाखवतेस का?" सहा मोठी माणसं ओळीने बसलेली, मी वाचते, ते माना डोलावतात, "वहिनी, परत एकदा, त्या कंसापासून."

आणि माझं काय झालंय? परवा छापखान्यात प्रूफ वाचत होते, सहावीचा इतिहास. 'राजाने आपले राज्य धाकट्या मुलास दिले.' आणि पुढच्या पानावर तोच राजा राज्य करतोय! मी समासात लिहिलं, 'दिल्यानंतर वापरता येणार नाही. उसने द्यावे.' संपादकांनी बोलावून घेतलं, पाण्याचा पेला पुढे केला, म्हणाले, "बाई, तुम्ही आठवडाभर रजा घ्या. घरी शांत पडा."

घेतली रजा. वहिनी आता घरीच असतात हे कळल्यावर सहाही जण रोज यायला लागलेत.