नांदेडचा सल्ला आणि लातूरची घागर

अहो, सल्ला देणाऱ्याचं गाव आधी बघून घ्यावं की नाही माणसानं? मी नाही बघितलं! लातूरचा माणूस मी, आणि मन हलकं करायला गेलो कुठं, तर नांदेडला! नांदेडच्या उशाला अख्खी गोदावरी, त्यांचं काय जातं 'सोडून द्या' म्हणायला? आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो, तोही देवीसारखा, कधी येईल सांगता येत नाही, आणि आला की गल्लीच्या अंगात येतं...

तर विनीता मॅडम. समुपदेशक. ठरवलं सगळं लेकीनं, सुकन्यानं, बेंगळुरात बसून. "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही फोनवर नुसतं हं-हं करता. कुणाशी तरी बोला." आता बोलायला कुणी असतं तर हं-हं केलं असतं का मी? पण गेलो. एसटीनं, अहमदपूर करत करत, गुडघे पुढच्या सीटला टेकवून. मॅडम म्हणाल्या, "काका, दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीस आणि रोममध्ये स्टोइक म्हणून विचारवंत होते. आजच्या मानसोपचारात त्यांचं पुष्कळ घेतलंय." म्हटलं, घ्या! लातूरहून नांदेडला येताना पाठ मोडली, आणि ह्या मला रोमला घेऊन चालल्या!

"सोपं आहे काका. काहीही झालं की स्वतःला विचारायचं, हे माझ्या हातात आहे का? नसेल तर सोडून द्यायचं."

मी शाळामास्तर. गृहपाठ दिला की करायचाच! मुख्याध्यापक ओरडले. हातात आहे का? नाही. सोडा! दूध नासलं. सोडा! भाऊबंद येऊन म्हणाले, "आता एकट्यानं कसं व्हायचं हो सर तुमचं?" हातात आहे का? नाही. सोडा! तुम्हाला सांगतो, इतकं सोडलं, इतकं सोडलं, की घरात मी एकटाच उरलो... तो तर आधीपासूनच होतो म्हणा.

पुढच्या खेपेला दुसरा गृहपाठ. आपल्या जिवाची एक वस्तू घ्यायची, आणि ती एक दिवस जाणार आहे, असं रोज मनाशी म्हणायचं. तयारी असली की धक्का कमी बसतो म्हणे. "कपापासून सुरुवात करा काका." कप? कपात कुणाचा जीव अडकतो हो? मी घागर घेतली.

आता ही घागर म्हणजे... सांगतो. आमची ही, मंजुश्री, गेली ती नळ आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. चालता-बोलता, झटक्यानं. आदल्या दिवशी घरातलं भांडं न् भांडं तिनं भरलेलं. बादल्या, पातेली, कुकर, माझा दाढीचा मगसुद्धा! मी म्हणायचो, "माझं तोंड उघडं आहे, त्यातही ओत." ती म्हणायची, "ते कधी भरलंय?" बाकीचं पाणी दुखवट्याला आलेल्यांनी संपवलं. तांब्याची घागर तेवढी राहिली, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, झाकण घालून. आणि आमच्याकडची रीत अशी, की नळ आला की शिळं ओतायचं, ताजं भरायचं. मी ती घागर सोडून बाकी सगळं भरायचो. शिळं तर शिळं. तिच्या हातचं होतं.

तर रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली, कपाळाला विभूती लावली, की मी घागरीसमोर उभा. "तू एक दिवस रिकामी होणार आहेस." घागर गप्प. तांब्याची ती, तिला काय!

आणि त्या रविवारी नळ आला. शेजारच्या नागम्मा, माहेर उदगीरचं, आवाज असा की पलीकडच्या गल्लीनंही बादल्या उचलाव्यात. "अय्यो सर! नळ आला की! काय करायलात?" मी खुर्चीत. शांत. नळाचं येणं हातात आहे का? नाही. जाणं? तेही नाही. सोडा! "सर, पानी चाललं!" म्हटलं, "नागम्माबाई, त्रास पाण्यानं होत नसतो, पाण्याबद्दलच्या आपल्या विचारानं होत असतो."

बाईंनी पदर खोचला. "आता आठ दिवस विचारानंच आंघोळ करता काय?"

आणि घुसल्या की पाईप घेऊन घरात! मी आपला शांत. आणि शांत राहायचं काम लई अवघड असतं हो, त्या नादात दुसरं काही ऐकूच येत नाही. ऐकू आलं तेव्हा मोरीत घळघळ चाललेलं. मी उठेपर्यंत घागर उपडी.

"शिळं होतं हो सर, कधीचं काय की. दिलं ओतून." आणि चिंचेनं घासून, लख्ख करून, काठोकाठ भरून जागेवर ठेवली बाईनं.

माझ्यासाठीच केलं होतं. "लई उपकार झाले," म्हटलं. मग मोरीपाशी उभा राहिलो जरा. फरशी ओली होती तोवर.

मॅडमना सांगितलं, तर त्यांनी पेन खाली ठेवलं. "पण काका, तुम्ही तर रोज तयारी करत होता ना?" होतो की! तयारी सगळी घागरीची करून घेतली, माझी राहून गेली. मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाल्या, "सोडून द्यायचं म्हणजे रडायचंच नाही, असं नसतं हो काका."

हे पहिल्याच तासाला नाही का सांगायचं?

"आणि आता घागरीत जे पाणी आहे, त्याचं काय करायचं ते तुमच्या हातात आहे." हे मात्र पटलं. ठरवलं, पुढच्या नळाला शिळं मी ओतणार, ताजं मी भरणार, दाढीच्या मगासकट! बादल्या मांडून ठेवल्या. नागम्मांना सांगून ठेवलं, "नळ आला की हाक मारा, ह्या खेपेला उठणार आहे मी." "मारते की सर, न मारून कुठं जाते?" म्हणाल्या. तेव्हापासून कान दाराशी. कुणीतरी आपल्याला हाक मारणार आहे, ह्याची वाट बघायची सवयच गेली होती हो...

आणि तुम्हाला सांगतो, तेव्हापासून नळच आला नाही!

हातात आहे का म्हणाल, तर पाईप आहे. तो धरून बसलोय.