चार अग्निनाग

ओसाकातल्या पत्त्यांच्या दुकानाच्या जिन्यावर स्पर्धेची रांग होती. जुडीची यादी द्यायला दहा मिनिटं उरली होती. आपल्या लाडक्या अग्निनाग पत्त्यांच्या जिवावर एकदा तरी जिंकावं, ही रांगेतल्या सावाकाकूंची आस. पण गेल्या खेपेला नागमाऱ्या पत्त्यांनी ते गिळले, म्हणून या वेळी चारही अग्निनाग पिशवीत ठेवून त्यांच्या जागी त्यांनी जुडीत चार साधे बेडूक-पत्ते भरले होते. रांगेत त्यांच्या पुढे मियाके आणि हातोरी या दोन पोरांचं बोलणं चाललं होतं. मियाके म्हणाला,

“मी चार नागमारे घातलेत. आज ज्याच्या-त्याच्याकडे नाग असणार!”

“आणि समोर नाग नसला तर?”

“तर नागमारे रद्दी. पण नाग सोडतंय कोण?”

“मी सोडला. तुझ्याच धाकानं.”

“भित्रा लेकाचा!”

“अरे, वर विचारून आलो. सगळ्यांनीच सोडलाय. जो तो नागमारे घेऊन उभा आहे.”

“मग मारायचं कुणाला, एकमेकांना?”

“काढ ते. मीही काढतो.”

बघता बघता जिनाभर नागमारे खिशात गेले.

“काकू, तुमच्याकडे आहेत का हो नागमारे?” हातोरीनं मागे वळून विचारलं.

“नाही रे बाळा, तसलं मी बाळगत नाही.”

अमिदाबुद्धाचं नाव पुटपुटत काकूंनी चार बेडूक बाजूला काढले आणि पिशवीत हात घातला.