लॅपटॉप क्रमांक १९० वरातीत सापडल्याबाबत

पोलीस चौकी, कांचघर, जबलपूर
दिनांक १२ फेब्रुवारी २०२३, रविवार. जबाब सुरू सायंकाळी ७ वाजून ५ मिनिटे.

नाव हेमलता लक्ष्मणराव रामटेके, वय ३६ वर्षे, धंदा नोकरी (केंद्र सरकारच्या एका कार्यालयात संगणक सामग्री सहायक), राहणार चेरीताल, जबलपूर. बाईंना मराठीत सांगणे सोपे जाते व मला मराठी येते, म्हणून जबाब मराठीत उतरवून घेतला. हिंदी प्रत मागाहून जोडू. (मुरलीधर ढोक, हवालदार)

मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, कार्यालयातील प्रत्येक संगणक व लॅपटॉप आल्या दिवसापासून भंगारात जाईपर्यंत त्याची नोंद ठेवणे हे माझे काम आहे. यंत्र कधी घेतले, कोणाकडे दिले, त्यात काय भरले, कधी बिघडले आणि शेवटी कधी बाद झाले, हे सर्व माझ्या रजिस्टरमध्ये असते. रजिस्टर संगणकावर असून मोबाईलवरही दिसते. प्रत्येक यंत्राला क्रमांकाची चिकटपट्टी असते. असे काम मी नऊ वर्षे करीत आहे.

दिनांक ९ जानेवारी रोजी वार्षिक मोजणीत लॅपटॉप क्रमांक १९० मिळून आला नाही. तो नवा कोरा होता, कोणालाही दिलेला नव्हता व भांडाराच्या कपाटात होता. कपाटाची किल्ली भांडारपाल अंबादास गजभिये, वय ६० वर्षे, यांच्याकडे असे. ते ३१ डिसेंबरला निवृत्त झाले. दिनांक १८ जानेवारी रोजी मी चोरीची तक्रार दिली. संशय कोणावर, असे विचारल्यावर मी अंबादासजींचे नाव सांगितले. त्यामुळे त्यांचे निवृत्तीचे कागद अडकले व जानेवारीअखेर ठरलेला निरोपाचा कार्यक्रमही झाला नाही. ते माझ्या घरापासून चौथ्या घरात राहतात. १८ तारखेपासून मी मागच्या रस्त्याने जाते.

आज दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी मी घरी भाजी निवडत असताना मोबाईलवर सूचना आली की, यंत्र क्रमांक १९० सुरू झाले आहे. कोणी आतले सर्व पुसून नवे भरले तरी यंत्राची ओळख मूळ भागात राहते. इंटरनेट मिळताच ते आपल्या कार्यालयाला हजेरी लावते. हजेरीसोबत माहिती आली ती अशी: यंत्राचे नवे नाव "बंडू धमाल साउंड", आत गाणी चार हजार दोनशे, ठिकाण कांचघर.

मी ऑटो केली. ठिकाण दर पाच मिनिटांनी मोबाईलवर बदलत होते, पण फारच थोडे. चोर वीस मिनिटांत दोनशे पावले गेला होता. ऑटोवाला म्हणाला, "दीदी, इतना धीरे तो कोई भागता नहीं." मलाही ते पटले, परंतु काही सुचत नव्हते.

५ वाजून १० मिनिटांनी, चोर निसटू नये म्हणून, मी ऑटोतूनच यंत्र कुलूपबंद करण्याचा आदेश पाठवला. असा आदेश गेल्यावर यंत्राचे सर्व काम थांबते, पडद्यावर मजकूर येतो आणि यंत्र सेकंदाला एक याप्रमाणे टीं टीं असे वाजू लागते. मजकूर मी स्वतः दोन वर्षांपूर्वी लिहिला आहे. तो असा: "हे यंत्र सरकारी मालमत्ता आहे. कुठेही आढळल्यास त्वरित कळवा. हेमलता रामटेके." खाली माझा मोबाईल क्रमांक.

त्याच वेळी ऑटो वळणावरून पुढे आली व समोर वरात दिसली. सुमारे दोनशे माणसे होती. पुढे डीजेची गाडी, तिच्यावर दहा फुटी पडदा, मागे उघड्या जीपमध्ये नवरदेव. गाणे बंद पडले होते. पडद्यावर, जिथे आधी नवरदेव-नवरीचे फोटो असावेत, तिथे माझे नाव व क्रमांक होता. सर्व माणसे हात वर केलेल्या अवस्थेत तो वाचत होती.

(येथे जबाब देणाऱ्या बाई हसू लागल्याने लिखाण थांबवले. पाणी दिले. ४ मिनिटांनी पुन्हा सुरू.)

मग मला फोन येऊ लागले. सात मिनिटांत एकतीस फोन आले. पहिला म्हणाला, "दीदी, गाना चालू करवा दो." दुसऱ्या बाई होत्या, त्यांनी विचारले, "तू नवरदेवाची कोण लागतेस? खरं सांग, घाबरू नको." एक फोन स्वतः नवरदेव श्रीपाद यांचा होता. "मी नवरदेव बोलून राहिलो जी, जीपमधून. माह्यावर काही केस झाली का?" मी त्यांना केस नाही असे सांगितले. ते जीपमधून माझ्याकडेच पाहत होते, परंतु मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हते.

दरम्यान मोठ्या स्पीकरवर टीं टीं चालूच होती. वरातीत एक ढोलवाला होता. त्याने त्या टीं टीं वर ठेका धरला. आधी दोन म्हाताऱ्या बायका नाचू लागल्या, नंतर सर्व. मी गर्दीतून डीजेच्या गाडीपर्यंत जाईतो मलाही तीन वेळा गोल फिरवण्यात आले.

डीजेचा मालक बंडू यास मी ओळख सांगितली. तो रडकुंडीला आला होता. त्याला मराठी समजते पण बोलता येत नाही. "दीदी, पिछले हफ्ते कबाड़ी से लिया है, पक्की रसीद है." त्याने रसीद दाखवली. पावतीला भंगारवाल्याने आमच्याच कार्यालयाची, बाद सामानाची टाइप केलेली यादी जोडली होती. तारीख १४ नोव्हेंबर. सातव्या ओळीत लिहिले होते: लॅपटॉप, १९०. खाली सही माझी.

मी गाडीच्या पायरीवर बसले.

१४ नोव्हेंबर रोजी असे झाले होते की, बाद करायची यंत्रे मी कपाटापाशी उभी राहून ओरडून सांगत होते आणि हिंदी बोलणारे टंकलेखक पलीकडच्या खोलीत टाइप करीत होते. जुना, बंद पडलेला लॅपटॉप क्रमांक ८९ होता. मी आमच्या घरी बोलतात तसे "एकोणनव्वद" म्हटले. त्यांनी ऐकले "एक नब्बे", आणि १९० लिहिले. दुसऱ्या दिवशी हमालांनी यादीप्रमाणे सामान उचलले. अंबादासजी त्या दिवशी नागपूरला होते व त्यांनी ठेवून गेलेल्या किल्लीने कपाट मीच उघडून दिले होते. रजिस्टरमध्ये मात्र मी माझ्या चिठ्ठीवरून ८९ बाद केला. म्हणून १९० हरवला असे दिसले आणि ८९ कोणी शोधला नाही. रजिस्टरमधून गेलेले यंत्र कपाटात उरले आहे का, हे पाहण्याची आमच्याकडे पद्धत नाही. चोरीची तक्रार देताना ती यादी मी पुन्हा तपासली नाही. कारण ती माझीच होती.

खात्रीसाठी मी कार्यालयाचे पहारेकरी पुंडलिक यांना फोन करून कपाटात ८९ आहे का ते पाहण्यास सांगितले. ते म्हणाले, "मॅडम, नवासी इधरच पडा है, सबसे नीचे. ढक्कन पे छिपकली बैठी है, हटाऊँ क्या?" मी नको म्हटले.

५ वाजून ३५ मिनिटांनी मी अंबादासजींना फोन केला. पंचवीस दिवसांत प्रथमच. "काका, १९० सापडला. कांचघरला. लवकर या, ओळख पटवायला तुम्हीच लागता," एवढेच मला बोलता आले. मागे ढोल वाजत होता. त्यांनी विचारले, "कोणाचं लग्न हाय?"

दरम्यान नवरदेवाचे वडील बाबाराव माझ्याकडे आले व हात जोडून म्हणाले, "बाई, नवरीकडले लोक दारात उभे हायेत. अर्धा तास द्या मशीन. मग जप्त करा, मले पण करा." आमच्या नियमाप्रमाणे यंत्र तात्पुरते कोणालाही देता येते, पण नोंद हवी. त्याप्रमाणे मी मोबाईलवर नोंद केली: यंत्र १९०, धारक बंडू, मुदत एक तास, कारण लग्न. आणि कुलूप काढले. अशी नोंद मी याआधी कधी केलेली नाही. याबद्दल कार्यालय मला जी विचारणा करील तिला मी उत्तर देईन.

गाणे सुरू झाले. यंत्र ताब्यात राहावे म्हणून मी गाडीच्या बाजूने चालत होते. सर्व नाचत असताना एकटीने चालणे कठीण होते, म्हणून नाचले. अंबादासजी ५ वाजून ५५ मिनिटांनी स्कूटरवर आले. त्यांनी चिकटपट्टी पाहिली, यंत्राखालचा छापील क्रमांक चष्मा वर करून वाचला आणि "हाच" असे म्हणाले. मी त्यांना एकोणनव्वदचे सांगितले. स्कूटर स्टँडला लावून ते वरातीत शिरले. पहिली पाच मिनिटे ते नुसते उभे होते. नंतर त्यांनी रुमाल डोक्याला बांधला. मांडवाच्या दारापर्यंत ते थांबले नाहीत. नऊ वर्षांत मी त्यांना मान हलवतानासुद्धा पाहिले नव्हते.

६ वाजून २५ मिनिटांनी बंडूने यंत्र परत केले. तशी नोंद केली. यंत्र चालू स्थितीत आहे, चार हजार दोनशे गाण्यांसह. ते आज चौकीत जमा करीत आहे. बंडूची किंवा भंगारवाल्याची काही चूक नाही. चोरी झालेलीच नाही. माझी १८ जानेवारीची तक्रार मी मागे घेते व अंबादास गजभिये यांच्यावर घेतलेला संशय खोटा होता असे स्पष्ट सांगते.

मला अंबादासजींची माफी मागायची आहे, ती जबाबात लिहा, असे मी म्हटले. हवालदारसाहेब म्हणाले, "जबाबात घडलेलं लिहितात बाई, मनातलं नाही." मी म्हटले, मग घडू द्या. त्यावर बाहेर बाकावर बसलेल्या अंबादासजींना आत बोलावण्यात आले. मी उभी राहून म्हटले, "काका, मी तुमचं नाव घेतलं. चूक माझी होती. माफ करा."

अंबादासजींचा रुमाल अजून डोक्यालाच होता. ते म्हणाले, "काहून उभी राहिली? बस. पंचवीस दिवस झाले, लोक माह्याकडे पाहून गप्प होऊन राहिले होते." मग हवालदारसाहेबांकडे वळून म्हणाले, "लिहा, माफ केलं. आन् हेही लिहा का उद्या सकाळी ऑफिसात सगळ्यांसमोर हा कागद ती वाचून दाखवीन. पूर्ण. नाचल्याचं पण." मी हो म्हटले. ते म्हणाले, "अच्छा. चलो, बाबारावनं पंगत थांबवून ठेवली हाय."

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. वाचताना ते दोन ठिकाणी थांबले, ते हसण्यामुळे. उद्या मला तो न हसता वाचायचा आहे, म्हणून एक प्रत मागून घेतली व सही केली.

(सही) हेमलता ल. रामटेके
समक्ष: मुरलीधर ढोक, हवालदार. संपले ८ वाजून २ मिनिटे.