मोगऱ्याचा खांब

...आणि त्या खांबाला बैल बांधलेले. माझ्या मोगऱ्याच्या खांबाला! तुम्हाला सांगते, डोक्यावर रोपांची पाटी घेऊन, यष्टीतून उतरून, कऱ्हाटीच्या आमच्या वस्तीपर्यंत उन्हातून चालत आले, आणि बघते तर माझी बाग... कुठली बाग, शेणानं सारवलेली चकचकीत जमीन, तिच्यावर शाळूची कणसं पसरलेली, आणि बैल गरागरा फिरताहेत. अहो, एकदा विचारायचं तरी!

झालं होतं काय, इंटरची परीक्षा देऊन पुण्याहून आले तर तात्या, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "शिकलीस तेवढं बास. निरवांगीचं स्थळ हाय." मी म्हटलं, मला बी.ए. करायचंय. "मग कालेजात काय शिकलीस ते तरी दाव." आता लॉजिक कसं दाखवायचं? तोंडातून निघून गेलं, दारात उन्हाळ्याची फुलबाग करून दाखवते. तात्या म्हणाले, "अक्षय्यतृतीयेला फुलं दिसली तर पुणं, न्हाय दिसली तर निरवांगी."

मग काय, कागदावर आराखडा काढला. मधोमध वेलमोगऱ्याला खांब, खांबाला दोरी, दोरीच्या टोकाला खुंटी, गरकन फिरवलं की वर्तुळ. ढेकळं फोडली, खडा न् खडा वेचला, मोरीचं पाणी ओढून जमीन भिजवली. साखरआत्या, तात्यांची बहीण, उंबऱ्यात बसून रोज बघायची. "लई गोल झालंय गं," म्हणायची. मला वाटलं, कौतुक करतेय. मग रोपं आणायला इंदापूरला गेले, कॉलेजातल्या मुनिराकडं, तर तिच्या अम्मीनं मला दोन दिवस ठेवून घेतलं, आणि तेवढ्यात यांनी...

"आगं, पोरीनं कामाचं कायतरी केलं म्हणून मी खूश झालो," तात्या म्हणाले. "गोल हाय, सपाट हाय, भिजिवलीय, बैलं फिरवायला मधी खांबबी रोवलाय. खळं न्हाय तर काय हाय ते?"

"बाग आहे, तात्या. फुलबाग."

"बाग गोल असती व्हय?"

"आन् फुलांच्या मधी खांब कशाला?" साखरआत्या. "फुलं काय पळून जात्यात?"

पण विचारायचं तरी! भांडायला दोन्ही हात लागतात, म्हणून पाटी खाली ठेवली. शेजारीच एक बैल उभा होता, तोंडाची मुसकी सोडलेला. त्यानं झिनिया खाल्ला, मोगरा खाल्ला, झेंडू कळ्यांसकट खाल्ला. त्यानं तर विचारायचा प्रश्नच नव्हता.

अक्षय्यतृतीयेला दारात फूल एक नाही आणि निरवांगीचे पाहुणे हजर. मी चहा घेऊन उभी, मेल्यासारखी. मुलाचे वडील, अप्पा, माझ्याकडं बघतील तर शपथ. ते उकिडवे बसून खळ्यावरनं हात फिरवताहेत.

"तात्या, एक चीर न्हाय हो. कुणी केलं?"

"आमच्या रतननं."

"मग ठरलं म्हना की. आमाला दर साली दोन खळी लागत्यात."

संपलं. माझं बी.ए. निरवांगीच्या खळ्यात तुडवलं जाताना मला दिसायला लागलं. आणि तात्या... तात्यांनी खळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा खळ्याकडं.

"न्हाय अप्पा. पोरगी शिकतीय अजून."

"आवं, तुमीच तर बोलिवलं..."

"शिकतीय."

पाहुणे गेल्यावर मला म्हणतात कसे, "आसं खळं करनारी पोर लोकाला देऊ व्हय? जा, शीक. मळणीला तेवढी येत जा."

तर निघालेय आता बी.ए.ला. कन्हेरीच्या रंगूमावशीनंही सांगून ठेवलंय, सुट्टीत आलीस की आमचं एक आखून दे. पुण्यात मैत्रिणी गराडा घालतील, रतन, वडलांना पटवलंस तरी कसं गं? तुम्ही मात्र, हात जोडते, त्यांना हे खळ्याचं सांगू नका.